लक्ष ठेवा

तीन आठवडे होऊन गेले, तरी तो पाइप डोळ्यांसमोरून हलत नाही. पारदर्शक, करंगळीएवढा जाड, वेटोळं करून खताच्या पांढऱ्या गोणीत कोंबलेला. एक टोक गोणीच्या तोंडातून बाहेर डोकावणारं आणि आत कसलंसं पिवळट पाणी. ठाणे स्टेशन, फलाट क्रमांक दहा, सकाळचे सव्वाआठ. वाशीची गाडी यायची होती. टाचदुखीमुळे हल्ली बाक मिळाला की मी सोडत नाही, तशी बसले होते. विशीतला एक मुलगा आला. हातांवरच्या लवेत सिमेंट बसलेलं, पायात स्लिपर. खांद्यावरची गोणी त्याने बाकाच्या टोकाशी टेकवली, पायाने आत सरकवली, पलीकडे कुणाशी तरी दोन शब्द बोलला आणि गर्दीत दिसेनासा झाला. मी त्याच्याकडे पाहिलं तेही खरं सांगायचं तर गोणी माझ्या ड्रेसला लागतेय की काय म्हणून. एक मिनिट गेलं, दोन गेली. वर लाउडस्पीकरवर ती नेहमीची बाई सुरू झाली: बेवारस वस्तूला हात लावू नका, त्यात बॉम्ब असू शकतो, लगेच पोलिसांना कळवा. ती वर्षानुवर्षं हेच सांगतेय आणि शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत तशी ती मला ऐकू येत नाही. त्या दिवशी आली. मी खाली पाहिलं. पाइप, पाणी, सुतळीने अर्धवट आवळलेलं तोंड. पोटात गोळा आला.

उठले, चार पावलं मागे झाले आणि जिन्यापाशी उभ्या असलेल्या वर्दीतल्या जवानाला जाऊन सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक झाला होता, त्यामुळे तो अधिकच खरा वाटला असावा. बघता बघता बाकाभोवती रिंगण झालं, गारुड्याभोवती होतं तसं, फक्त जरा जास्त लांबून. जवानाने मोठ्याने विचारलं, ‘‘कुणाची आहे?’’ बाकाच्या टोकाशी, गोणीपासून हातभर अंतरावर, लाकडी पेटी मांडून बसलेल्या बूट-पॉलिशवाल्याने ब्रश वर केला. ‘‘साहेब, पोराची आहे. पाणी भरायला गेलाय. मला सांगून गेलाय लक्ष ठेवा म्हणून.’’ तेवढ्यात तो आलाच, दोन लिटरची कोल्ड्रिंकची जुनी बाटली नळावर भरून, ओल्या हातांनी. रिंगण बघून आधी थबकला, मग रिंगणाच्या मध्ये काय आहे ते त्याच्या लक्षात आलं.

जवान काही वाईट वागला नाही. त्याने सांगितलं, ‘‘खाली करून दाखव.’’ त्याच्या जागी मीही तेच सांगितलं असतं. मुलाने गोणी फलाटावर उपडी केली. थापी. ओळंबा, पितळेचा, दोऱ्यासकट. गुण्या. एक टॉवेल, एक पँट, घडी घातलेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाकऱ्या आणि काचेच्या छोट्या बाटलीत ठेचा. आणि तो पाइप. सव्वाआठच्या गर्दीसमोर माणसाचा डबा असा उघड्यावर मांडला गेलेला मी यापूर्वी पाहिला नव्हता. कुणीतरी हसलं. रिंगण पांगलं. मुलगा उकिडवा बसून एकेक वस्तू परत भरत होता आणि भरता भरता त्याने मान वर केली. मीच सांगितलं हे त्याला कसं कळलं कोण जाणे, बहुधा माझ्या चेहऱ्यावरच असेल. तो म्हणाला, ‘‘काकू, मला इचारायचं ना.’’

गाडी आली. मी चढले. त्याची ओळंब्याची दोरी अजून गुंतलेलीच होती.

खिडकीतून शेवटचं दिसलं ते वेगळंच. पुढच्या खांबाला टेकवून एक काळी लॅपटॉपची बॅग उभी होती, एकटीच. तिचा मालक वीसेक पावलांवर, पाठ करून, कानात इअरफोन घालून हातवारे करत होता. ती मघापासून तिथेच होती. मी बाकावर येऊन बसले तेव्हाही होती, हे मला आठवतं, कारण तिच्यावर कंपनीचं नाव होतं आणि ते मी वाचलं होतं.

‘बेवारस’ या शब्दाचा मी इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता. वारस नसलेलं. प्रेताला लावतो आपण हा शब्द, गुरांना लावतो, आणि स्टेशनवर सामानाला. त्या गोणीला वारस होता. इतकंच नव्हे, वारस चार मिनिटं नळावर गेला तर त्या चार मिनिटांपुरता नेमलेला एक काळजीवाहूसुद्धा होता, ब्रश घेऊन बसलेला. मला तो दिसला नाही असं नाही. दिसला; तो फलाटावरच्या वजनकाट्यासारखा, पाणपोईसारखा, तिथे असायचाच म्हणून दिसला. त्याला काही ठाऊक असेल, त्याला विचारता येईल, हे डोक्यात आलं नाही. हातभर अंतरावरच्या माणसाला ओलांडून मी जिन्यापर्यंत गेले.

गंमत म्हणजे ही मी तीच, जी दुसऱ्या मिनिटाला डब्यात चढून आपली पर्स अनोळखी हातात देते. बायकांच्या डब्यात रोज बघा. दारातून आत शिरता येत नाही, तर बॅग आधी आत जाते. ‘‘ताई, जरा वर टाका ना.’’ ताई मागे न बघता हात करते, ती बॅग पुढच्या ताईकडे जाते, तिच्याकडून रॅकवरच्या हुकाला. आत पगार असतो, मंगळसूत्र असतं, मुलाच्या शाळेची फी असते. कुणी आत काय आहे विचारत नाही आणि देणारीही घेणारीचं तोंड बघत नाही. उतरताना तीच साखळी उलटी. ‘‘ती निळी... नाही, तिच्या बाजूची.’’ एवढ्या वर्षांत माझी फक्त एक छत्री गेली, आणि ती बहुतेक मीच विसरले. वर लाउडस्पीकर सांगतो शेजाऱ्यावर नजर ठेवा, खाली हात शेजाऱ्याला पर्स देतात. दोन्ही एकाच गाडीत, एकाच वेळी. कसं जमतं आपल्याला?

तरी भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. १३ मार्च २००३ ला मुलुंडला स्फोट झाला तो कर्जतकडे जाणाऱ्या गाडीच्या बायकांच्या फर्स्ट क्लासमध्ये. रात्रीची वेळ, ऑफिसमधून परतणाऱ्या बायका. मुलुंड म्हणजे आमच्या अलीकडचं स्टेशन, पुढचं ठाणे. माझ्याकडे तेव्हा सेकंड क्लासचा पास होता, फर्स्टचा काढावा का यावरून घरात चर्चा चालू होती. त्या रात्रीनंतर ती बंद झाली. मग ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, १८० हून अधिक माणसं गेली. फोन लागत नव्हते. आमचे हे तेव्हा अंधेरीला होते, रात्री साडेअकराला चालत, ट्रकमधून, पुन्हा चालत घरी आले आणि एक अक्षर न बोलता अंघोळीला गेले. दुसऱ्या दिवशी परत कामावर. त्यानंतर महिनाभर आमच्या डब्यात एक नियम होता. चढल्या चढल्या कुणीतरी खाली वाकून सीटखाली बघायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं, ‘‘ही पिशवी कुणाची?’’ डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर यायचं, ‘‘माझी गं, मटार आहेत!’’ मग हशा. मटार सोलायला चार हात पुढे यायचे. आम्ही त्याला दक्षता वगैरे म्हणत नव्हतो. आधी विचारायचं, एवढंच होतं. उत्तर आलं नाही तर मग पुढचं.

तो महिना संपला आणि विचारणं बंद झालं. स्टेशनांवर धातुशोधक चौकटी आल्या, त्यातून जाताना त्या टूं टूं करतात आणि कुणीही वळून बघत नाही, ना जाणारा ना बसलेला. घोषणा आल्या, पाट्या आल्या, १३९ नंबर आला. हे सगळं यायलाच हवं होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण या सगळ्यात ‘‘कुणाची गं?’’ हा आवाज मात्र कुठेतरी गळाला.

२००८ चं आमच्या गावातलं प्रकरण मला या संदर्भात फार वेळा आठवतं. मे महिन्याच्या शेवटी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, तो निकामी केला. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ जूनला, आमच्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. मासुंदा तलावाकाठचं ते थिएटर म्हणजे आमच्या घरचं अंगण. मध्यंतरातला बटाटेवडा खाण्यासाठी मी न आवडलेली नाटकंही पाहिली आहेत. खटला चालला, २०११ मध्ये सत्र न्यायालयात दोघांना शिक्षा झाली. त्यांची आडनावं पेपरात वाचली तेव्हा मी दचकले, कारण ती नौपाड्यातल्या कुठल्याही जिन्यात, कुठल्याही दाराच्या पाटीवर असावीत अशी होती. ही माणसं माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली असती तर मी पाय आवरून त्यांना जागा दिली असती. कदाचित ‘जरा पर्सकडे बघाल का’ म्हणून पाणी प्यायलाही गेले असते. त्यानंतर नाट्यगृहाच्या दारात पर्स तपासणं सुरू झालं. दारावरचा माणूस चेन उघडून आत टॉर्च मारायचा, आणि त्याला माझ्या पर्समध्ये आजवर जे काही धोकादायक सापडलं ते म्हणजे घरून आणलेली चकली.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्र खाली न करताच निकाल दिला. ‘‘बरोबर केलंस. शंभरदा चुकलं तरी चालेल, एकदा राहून जायला नको.’’ याला उत्तर नाही. तो त्या रात्री अंधेरीहून चालत आलेला माणूस आहे, त्याला हे बोलायचा हक्कही आहे. मुलगी भांडी पुसत होती, तिने विचारलं, ‘‘आणि लॅपटॉपची बॅग?’’ ती मी सांगितली होती, नसती सांगितली तर बरं झालं असतं. हे म्हणाले, ‘‘अगं, त्याचा मालक समोर उभा होता ना.’’ मुलगी म्हणाली, ‘‘गोणीचापण नळावर होता.’’ मग दोघांचं जुंपलं आणि मी कपडे काढायला गॅलरीत गेले. दोरीवरचे कपडे काढताना माझ्या लक्षात आलं की शंभर वेळा चुकलं तरी चालतं, हे ज्याचं चुकतं त्याला चालतं. माझी गाडी चुकली नाही. माझा डबा कुणी पाहिला नाही. चुकीच्या संशयाचंही बिल असतंच, ते फक्त दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

त्या २००६ च्या खटल्याचंच बघा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, सुटलेले बाहेर राहिले. बारांतला एक २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. कायद्यातलं मला कळत नाही, आणि गेलेल्यांच्या घरच्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल याचीही मला कल्पना करवत नाही. पण टीव्हीवर ती बातमी चालू असताना मी भाजी निवडत होते आणि एकोणीस वर्षं या आकड्याशी अडकले. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती.

सोसायटीचं तर विचारू नका. घोडबंदर रोडवरच्या आमच्या वसाहतीत गेटवर अॅप आहे, कॅमेरे आहेत, आणि व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आहे ज्याचं नावच ‘सतर्क रहिवासी’. त्यावर आठवड्याला एक तरी फोटो येतो. चादरी विकणारा. भंगारवाली. पाठीवर बॅग घेऊन जिन्यात ‘संशयास्पदरीत्या’ बसलेला मुलगा. हा नंतर सी विंगमधल्या जोशी काकांना इंजेक्शन द्यायला आलेला निघाला, लिफ्ट बंद होती म्हणून दम खात बसला होता. फोटो टाकणाऱ्याने नंतर हात जोडलेला इमोजी टाकला, फोटो मात्र काढला नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना रोज गेटवर पिशवी दाखवावी लागते. येताना नाही, जाताना. मला हे अकरा वर्षांनी कळलं, तेही एकदा मी त्यांना फराळाचं दिलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘ताई, तेवढं फोन करून सांगा गेटवर, नाहीतर इचारतील.’’ मी फोन केला. त्यापलीकडे काही केलं नाही. सभेत विषय काढायचं ठरवलं होतं, पण त्या सभेत पाण्याच्या टँकरवरून इतकी बाचाबाची झाली की राहूनच गेलं. हे कारण आहे की सबब, मलाही नक्की सांगता येत नाही.

असले फोटो कुठवर जातात ते आपण धुळ्यात पाहिलं आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारे, जमावाने ठेचून मारले. त्या जमावातल्या प्रत्येकाला आपण दक्ष नागरिक आहोत असंच वाटत असणार. मुलांसाठीच तर चाललं होतं सगळं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. आमच्या ग्रुपला पाच पुष्कळ होतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोत, २००१ च्या हल्ल्यानंतर, एक वाक्य आलं. काही दिसलं तर बोला, अशा अर्थाचं. पुढे ते सगळ्या देशाने उचललं. मुलीने मला त्यातली एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. १ मे २०१० ला टाइम्स स्क्वेअरमध्ये एका उभ्या गाडीतून धूर येताना ज्यांनी पाहिला आणि पोलिसांना सांगितलं ते तिथले फेरीवाले होते, टी-शर्ट वगैरे विकणारे. गाडीत खरंच बॉम्ब होता, फुटला नाही म्हणून वाचले. मला त्यात नवल वाटलं नाही. जो माणूस रोज एकाच जागी बसतो त्याला तिथलं काय रोजचं आणि काय नवं ते बरोबर कळतं. आपल्याकडे त्याच माणसाला उठवण्यासाठी पालिकेची गाडी येते.

आणि तो पाइप. तो मी ओळखायला हवा होता. चिपळूणला वडिलांनी घर बांधलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गवंडीबाबा पाणसळ काढायचे. लांबलचक पाइपात पाणी भरलेलं, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं कोपऱ्यात माझ्या हातात, कारण त्यांचा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. ‘‘हलवू नको पोरी. अंगठा काढ. आलं? कुठं आलं?’’ पाणी वर-खाली व्हायचं, डचमळायचं आणि मग दोन्हीकडे एका उंचीला येऊन थांबायचं. मी पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारायची. त्यांच्या बाजूला त्यांची रेघ. दोन रेघांमध्ये सुती दोरी नीळ लावून ताणायची आणि सोडायची. त्या घराच्या स्वयंपाकघरात त्या निळ्या रेषेवर पुढे फरशी बसली. दुपारी मी त्यांच्याबरोबर पडवीत बसून भाकरी खाल्ली होती म्हणून आजीने मला रागे भरलं होतं, हेही आता आठवतं. ते सगळं माझ्याकडे होतं, डोक्यात कुठेतरी शाबूत होतं, आणि फलाटावर मला त्यातलं काहीही आठवलं नाही. गोणी दिसली, स्लिपर दिसल्या.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. तो ‘‘काकू’’ म्हणाला तेव्हा मला जास्त लाजल्यासारखं झालं. म्हणजे तो हिंदीत बोलला असता, ‘आंटी’ म्हणाला असता, तर कमी झालं असतं? झालं असतं बहुतेक. लिहून टाकलं.

परवा गाडी पंचवीस मिनिटं उशिरा होती. बूट-पॉलिशवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. टाचेसाठी डॉक्टरांनी बूट घालायला लावलेत, त्यामुळे निमित्त तरी होतं. पाय पेटीवर ठेवला. त्याने पँटच्या काठाला पुठ्ठ्याचा तुकडा लावला, ब्रश दोनदा पेटीवर वाजवला, काम सुरू केलं. त्याने मला ओळखलं होतं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि मला सुरुवात सापडेना. शेवटी दुसरा पाय ठेवताना म्हणाले, ‘‘तो मुलगा येतो का हो अजून? गवंडीकाम करणारा?’’

‘‘येतो की. घणसोलीला काम चालूय त्याचं.’’

‘‘मग हल्ली दिसला नाही.’’

‘‘असतो. पलीकडं बसतो आता, त्या टोकाला.’’ त्याने कपडा दोन्ही हातांत ताणून बुटावर फिरवला. ‘‘गोणी घेऊनच जातो नळावर.’’

मी वीसची नोट दिली. त्याने पाच रुपये परत दिले, ‘असू दे’ म्हटलं तरी दिले. मग त्या टोकापर्यंत चालत गेले. टाच दुखत होती. नळावर तिघं-चौघं होते, त्यांत तो नव्हता.